‘चोऱ्या वाढल्या’ म्हणण्याआधी: खान्देशातले गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे

गल्लीत एक घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो. "आते काही खरं नही राह्यनं भाऊ, चोऱ्या भलत्या वाढी ग्यात." त्याच आठवड्यात पोलिसांची प्रेसनोट येते, की गेल्या वर्षीपेक्षा मालमत्तेचे गुन्हे घटले. टपरीवरचे म्हणतात, पोलीस आकडे दाबतात. पोलीस म्हणतात, लोक अफवा पसरवतात. जळगाव-धुळ्याकडे बरीच वर्षं क्राईमच्या बातम्या केल्यावर माझं मत असं झालंय, की दोघंही पुष्कळदा खरं बोलत असतात. फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

हा लेख नव्या वार्ताहरांसाठी, ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत काम करणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या हातात असा एखादा तक्ता पहिल्यांदाच पडलाय त्यांच्यासाठी आहे. गणित सातवीपर्यंतचं पुरतं. चिकाटी मात्र जास्त लागते.

पहिली पायरी: कोणत्या रजिस्टरचा आकडा आहे ते बघा

पोलीस ठाण्यात एकच वही नसते. दखलपात्र गुन्ह्याचा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाला न विचारता सुरू करू शकतात त्याचा, एफआयआर होतो आणि ‘गुन्हे वाढले-घटले’ची सगळी चर्चा बहुतेक वेळा त्याच्यावरच चालते. अदखलपात्र असेल तर एनसी होते. दोन शेजाऱ्यांची बांधावरून शिवीगाळ झाली, एकाने दुसऱ्याला ‘पाहून घेतो’ म्हटलं, की बहुधा एनसी. विहिरीत प्रेत सापडलं तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं तर मग खुनाचा गुन्हा. माणूस घरातून निघून गेला तर मिसिंग.

एफआयआरमध्येही दोन भाग पडतात. पोलिसांच्या तोंडी ‘भाग १ ते ५’ आणि ‘भाग ६’ हे शब्द सारखे येतात. ढोबळपणे, पहिल्यात पूर्वीच्या भादंविचे, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे गुन्हे: खून, चोरी, मारामारी. दुसऱ्यात दारूबंदी, जुगार असे विशेष कायद्यांचे. एखादा अधिकारी ‘यंदा एवढे गुन्हे दाखल’ म्हणाला, की हा आकडा कोणत्या भागाचा, की दोन्ही मिळून, हे तिथल्या तिथे विचारा. पुढचा अर्धा घोळ तिथेच मिटतो.

भुसावळकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गाडीत किंवा प्लॅटफॉर्मवर बॅग गेली तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो आणि त्यांचा हिशेब जिल्हा पोलिसांपासून वेगळा असतो. तीच बॅग स्टेशनबाहेर रिक्षातून गेली तर ती शहरातल्या ठाण्याच्या खात्यावर. जंक्शनच्या गावात फक्त जिल्हा पोलिसांचा तक्ता पाहून ‘बॅगचोऱ्या कमीच आहेत’ म्हणणं धाडसाचं आहे.

दुसरी पायरी: ही नोंद कोणामुळे झाली?

माझ्या दृष्टीने हाच खरा प्रश्न. कोणत्याही रकान्यावर बोट ठेवा आणि विचारा: ही नोंद व्हावी म्हणून ठाण्याची पायरी कोण चढलं, आणि त्याला काय गरज होती?

मोटारसायकल चोरी घ्या. गाडी गेली की मालक ठाण्यात जातोच, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी दारात उभं करत नाही. शिवाय उद्या त्या गाडीवर कोणी भलतंच काही केलं तर नंबर आपला, ही भीती असते. म्हणून मोटारसायकल चोरीचा आकडा बराचसा खरा असतो.

आता शेतातली केबल घ्या. पहाटे पाणी भरायला गेलेल्या शेतकऱ्याला विहिरीवर मोटारीची केबल तोडलेली दिसते. थोडं पुढे बांधावर गवत जळालेलं असतं, त्यात वितळलेल्या प्लास्टिकचा काळा चिकट डाग. चोरट्यांनी साल जाळून तांबं काढून नेलेलं असतं. माल दोन-तीन हजारांचा. ठाणं दूर, कापसाची वेचणी सुरू, मजूर सांगून ठेवलेले. तो काय करतो? नवी केबल आणतो. एका शिवारात एका रात्रीत सात विहिरींवर हे झालं तरी कागदावर कधी एक गुन्हा दिसतो, कधी एकही नाही. टपरीवरचा माणूस ‘चोऱ्या वाढल्या’ म्हणतो तेव्हा तो या केबलबद्दल बोलत असतो आणि त्याचं चुकत नसतं.

त्यात १ जुलै २०२४ पासून एक भर पडलीय. नव्या संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या चोरीची सोय वेगळी केलीय. ती चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे केबलवाला शेतकरी हट्टाने ठाण्यात गेला तरी त्याची तक्रार एनसीच्या वहीत जाऊ शकते आणि चोरीच्या आकड्यात ती दिसणारच नाही. २०२३ आणि २०२५ ची चोरी शेजारी-शेजारी ठेवून कोणी ‘घट झाली’ म्हणालं, तर पहिली शंका इथे घ्या.

मोबाईलचं त्याहून गमतीचं. आठवडे बाजारात खिशातून गेलेला मोबाईल पुष्कळदा ‘गहाळ’ म्हणून लिहिला जातो. मालकालाही नुसता कागद हवा असतो, चोर पकडला जाईल अशी त्याची अपेक्षाच नसते. कागदावर तो मोबाईल हरवलेला असतो, चोरीला गेलेला नसतो. म्हणून मोबाईल चोरीचे आकडे मागताना ‘गहाळ’च्या नोंदीही मागा. ऑनलाइन फसवणुकीतही असंच: १९३० या हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारी आणि प्रत्यक्ष दाखल गुन्हे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्तमानपत्रांत एकाच जिल्ह्याचे दोन आकडे छापून आले, तर एकाने तक्रारी मोजल्या असतील आणि दुसऱ्याने गुन्हे.

काही नोंदींत मात्र फिर्यादी पोलीसच असतात. दारू, मटका, गुटखा, गांजा, गावठी कट्टे. ‘माझ्याकडे कट्टा सापडला’ असं सांगायला कोणी ठाण्यात जात नाही. चोपड्याकडून सातपुड्याच्या सीमेवर पथकं लावली की आर्म ॲक्टचे गुन्हे वाढतात, पथकं उठली की कमी होतात. हा आकडा पोलिसांनी किती छापे मारले ते सांगतो. मुळात किती कट्टे फिरतायत ते त्यातून कळत नाही. नवापूरकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एका बाकावर बसलेले दोघे दोन राज्यांत. पलीकडे दारूबंदी, अलीकडे दुकान. अशा जागी दारूबंदीचे गुन्हे जास्त दिसले म्हणून नंदुरबारचा माणूस जास्त पितो असा अर्थ काढणं म्हणजे टोलनाका बघून ‘या गावात गाड्या फार’ म्हणण्यासारखं. आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याने पकडलेल्या दारूचे गुन्हे ते खातं स्वतःच नोंदवतं. ते पोलिसांच्या तक्त्यात शोधू नका.

वाळूबद्दल जरा थांबून सांगतो, कारण गिरणा-तापी-पांझरेच्या काठावर याच्याइतका फसवा आकडा दुसरा नाही. रात्री नदीपात्रातून निघालेला डंपर महसूलच्या पथकाने अडवला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड होतो आणि वाहन तहसीलच्या आवारात लागतं. तोच डंपर पोलिसांनी अडवला तर चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. वाळू तीच, ड्रायव्हर तोच, पण एक नोंद तहसीलच्या दंडाच्या वहीत आणि दुसरी पोलिसांच्या चोरीच्या रकान्यात. महसूलने जोर लावला की पोलिसांचा आकडा जागचा हलत नाही. पोलिसांनी मोहीम काढली की त्या ठाण्याच्या हद्दीत ‘चोरीत मोठी वाढ’ होते आणि वाचणाऱ्याला वाटतं घरं फुटतायत. नदीकाठच्या ठाण्याचा चोरीचा आकडा मिळाला, की त्यातली वाळू बाजूला काढून मागा. देतात. पुष्कळदा त्यांनाही ते सांगायचंच असतं.

बायकांवरच्या अत्याचाराच्या आकड्यांत तर वाढ म्हणजे वाईटच, हे गृहीत धरू नका. सासरच्या छळाची तक्रार आधी बहुधा महिला तक्रार निवारण केंद्रात किंवा पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये ‘अर्ज’ म्हणून जाते, समुपदेशन होतं, तडजोड झाली तर एफआयआर होतच नाही. पाड्यावरच्या बाईला ठाण्यापर्यंत पोचणंच अवघड. एखाद्या तालुक्यात संस्था उभी राहिली, महिला अधिकारी आली, की नोंदी वाढतात. त्या बायका आधीही मार खातच होत्या.

खून हा त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा. प्रेत लपवणं अवघड, डॉक्टर मध्ये येतो, नातेवाईक बसून राहतात. हिंसा खरंच वाढतेय का हे बघायचं तर मी आधी खुनाकडे बघतो, मग खुनाच्या प्रयत्नाकडे आणि साध्या मारामारीकडे सगळ्यात शेवटी.

तिसरी पायरी: मधल्या वर्षांत नियम बदलला का?

आलेखात एखाद्या वर्षी अचानक पायरी दिसली की आधी कायद्याचं कॅलेंडर काढा. आमच्या भागातल्या पेपरांत ‘अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवले’ ही बातमी रोजची. अपहरणाचे आकडे २०१३ नंतर का चढले? त्या वर्षी १० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायला सांगितलं. तोवर जे मूल मिसिंगच्या वहीत असे, ते आता अपहरणाच्या रकान्यात येतं. मग ते घरी रागावून मामाच्या गावाला गेलेलं का असेना. त्याच वर्षी फेब्रुवारीत बलात्काराची व्याख्या रुंदावली आणि १२ नोव्हेंबरला ललिता कुमारी खटल्याच्या निकालात दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर बंधनकारक ठरला. २०१२ आणि २०१४ ची तुलना करताना मध्ये एवढं सगळं घडलंय.

दुसरी मोठी पायरी १ जुलै २०२४ ची. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५. मंगळसूत्र ओढून नेण्याला पूर्वी जबरी चोरीत किंवा साध्या चोरीत बसवत, आता त्याला कलम ३०४ हे स्वतःचं घर मिळालंय. मग जबरी चोरी कमी झाल्यासारखी दिसेल. शिवाय गुन्हा घडला त्या तारखेचा कायदा लागतो, म्हणून जून २०२४ मधली घटना नंतर दाखल झाली तरी जुन्या कलमाखालीच येते. एका वर्षाच्या तक्त्यात दोन्ही कलमं दिसली तर गोंधळू नका, दोन्हींची बेरीज करा.

कायदाच बदलावा लागतो असंही नाही. नवं पोलीस ठाणं झालं, जुन्याची चार गावं त्याच्याकडे गेली, की जुन्या ठाण्याचे गुन्हे ‘घटतात’. हद्द बदलली का, हे विचारायला लाजू नका.

चौथी पायरी: कशाची तुलना कशाशी

इथे माझीच फजिती सांगतो. एका वर्षी एप्रिल महिन्याचे जुगाराचे गुन्हे आदल्या एप्रिलपेक्षा बरेच जास्त निघाले. महिना तोच, जिल्हा तोच, तुलना चोख, असं समजून मी ‘जुगार अड्डे फोफावले’ अशी बातमी दिली. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त हवालदारांनी, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, मला बोलावून घेतलं. "भाऊ, मागच्या साली आखाजी कोणत्या महिन्यात व्हती?"

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. त्या आठवड्यात पोलिसांच्या धाडीही वाढतात. पण अक्षय्य तृतीया तिथीने येते. २०२२ मध्ये ती ३ मे ला होती, २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये १० मे ला, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. एप्रिलची तुलना एप्रिलशी करून मी आखाजी असलेला महिना आखाजी नसलेल्या महिन्याशी ताडून पाहिला होता. दुरुस्ती छापायला संपादक तयार नव्हते, ती वेगळी गोष्ट.

तेव्हापासून मी एप्रिल-मे एकत्र घेतो. दिवाळीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र. घर बंद करून गावाला जाण्याचे, कापसाचे पैसे घरात येण्याचे, यात्रांचे दिवस ध्यानात ठेवायचे. सारंगखेड्याच्या यात्रेचा महिना त्या ठाण्याच्या इतर महिन्यांशी ताडायचा नाही.

वर्षांतही एक खड्डा आहे: २०२०. त्या वर्षी देशातले एकूण गुन्हे २०१९ च्या तुलनेत जवळपास २८ टक्क्यांनी वाढलेले दिसतात. कारण लॉकडाऊनचा आदेश मोडल्याचे, म्हणजे कलम १८८ चे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. चोऱ्या उलट कमी झाल्या, कारण माणसं घरात होती. म्हणून २०२० ला पाया धरून ‘त्यानंतर चोऱ्या वाढत गेल्या’ म्हणणारा आलेख कोणी दाखवला, तर २०१९ कुठे आहे ते विचारा.

पाचवी पायरी: टक्के, लाख आणि लहान आकडे

जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करायची तर लोकसंख्येने भागावंच लागतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२,२९,९१७, धुळे २०,५०,८६२ आणि नंदुरबार १६,४८,२९५. समजा एखाद्या प्रकारचे जळगावात १०० आणि नंदुरबारात ५० गुन्हे झाले. ऐकायला जळगाव दुप्पट वाईट. दर लाखामागे काढा: जळगाव २.४, नंदुरबार ३. चित्र उलटलं. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे अलीकडचे सगळे दर अंदाजी लोकसंख्येवर काढलेले असतात. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही.

टक्क्यांचा मोह मोठा. एखाद्या ठाण्यात घरफोड्या चाराच्या आठ झाल्या तर ‘शंभर टक्के वाढ’ हे खोटं नाही, पण निरर्थक आहे. एकच टोळी दोन रात्री फिरली तरी एवढं होतं. मी एक घरगुती कसोटी वापरतो. दोन्ही वर्षांचे आकडे मिळवा, बेरजेचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. फरक त्याहून मोठा असेल तरच बातमी. २५ चे ३३ झाले? बेरीज ५८, वर्गमूळ साडेसातच्या आसपास, दुप्पट १५. फरक आठचा. गप्प बसा. ४०० चे ४८० झाले? बेरीज ८८०, वर्गमूळ तीसच्या आत, दुप्पट ६०. फरक ८०. आता चौकशी करा. टक्क्यांनी पाहाल तर पहिली वाढ ३२ टक्के आणि दुसरी २०. दखल घ्यायची ती मात्र दुसरी. नंदुरबारसारख्या छोट्या जिल्ह्यात किंवा एकेका ठाण्यासाठी तीन-तीन वर्षांची सरासरी काढून बघितलेली बरी.

सहावी पायरी: गुन्हा एक, माणसं किती?

१ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या खुनाच्या तक्त्यात गुन्ह्यांचा आणि बळींचा असे दोन वेगळे रकाने असतात, ते अशाच घटनांसाठी. पहिल्यात जी घटना एक, ती दुसऱ्यात पाच. दंगलीचंही तसंच: एका एफआयआरमध्ये शेकडो आरोपी असू शकतात.

याच विभागाचा दुसरा नियम असा, की एका घटनेत अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर तेवढंच मोजायचं. घरात शिरून म्हातारीला मारलं आणि दागिने नेले, तर ती घटना खुनात जाते. तिथून चोरी झाल्याचं त्या तक्त्यावरून कळत नाही.

सातवी पायरी: आकडे आणायचे कुठून

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा देशपातळीवरचा अहवाल जिल्ह्यांच्या तक्त्यांसह मिळतो, पण तो खूप उशिरा येतो. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात थोडकी माहिती असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. बसून मोजता येतात, मात्र लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यात नसतात, हे विसरू नका. प्रेसनोटमधल्या ‘उघडकीस आलेल्या’ गुन्ह्यांत जुन्या वर्षांचेही असतात. एकाच टोळीकडे वीस गाड्या सापडल्या की या वर्षीची उकल एकदम चकाचक दिसते.

बाकी उरतो माहितीचा अधिकार. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. ‘गुन्हेगारीची माहिती मिळावी’ असं लिहिलंत तर एक पानभर बेरजा हातात येतील. असं लिहा:

‘जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०२५ या काळात अमुक पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या चोरीच्या गुन्ह्यांची महिनावार संख्या मिळावी. त्यात मोटारसायकल, शेतीसाहित्य, मोबाईल व वाळू यांची संख्या स्वतंत्र द्यावी. याच वस्तूंबाबत नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारी व गहाळ नोंदी यांची महिनावार संख्या स्वतंत्र द्यावी. या काळात ठाण्याच्या हद्दीत बदल झाला असल्यास त्याची तारीख व वगळलेल्या-जोडलेल्या गावांची यादी द्यावी.’

उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तोवर एखाद्या शिवारात जाऊन दहा विहिरींवर केबल कधी गेली ते विचारून वहीत तारखा लिहून ठेवा. उत्तर आलं की त्याच्या शेजारी ती वही उघडायची आहे.